स्क्वेअर फुटाला किती? बस, तेवढंच विचारा!

आम्हा बांधकामाच्या इंजिनिअरांना परवा पुन्हा तोच फोन. प्लॉट कोल्हापूरजवळच्या पाचगावात, नकाशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर, माती कुणी बघितलेली नाही, आणि प्रश्न एकच: "स्क्वेअर फुटाला किती? सगळ्यासकट."

बरोबर आहे. घर बांधायला काढलंय तर असंच करा.

दर कशावर, हे विचारू नका. कार्पेट (भिंतींच्या आतलं), बिल्टअप (भिंतींसकट) की स्लॅबचं माप? जिना, बाल्कनी धरली का? सोडा. कमी सांगेल तो आपला माणूस. कंपाउंड, बोअर, सेप्टिक टँक, जमिनीतली टाकी, जीएसटी यातलं 'सगळ्यासकट'मध्ये काय बसतं, ते प्लिंथ (जोतं) झाल्यावर भांडून ठरवू.

माती तर अजिबात खणून बघू नका. जेसीबीचं तास-दोन तासांचं भाडं वाचेल. चार फुटांवर कडक मुरूम लागला तर नशीब तुमचं. काळी माती आठ-नऊ फूट निघाली तर फुटिंग (कॉलमखालचा पाया) खाली जाणार, कॉलमची लांबी वाढणार, भरावाला मुरमाच्या गाड्या लागणार, आणि तुम्ही म्हणणार, "हे आधी सांगायला पायजे होतं." फोनवरनं!

एलिव्हेशनला, म्हणजे घराच्या बाहेरच्या रूपाला, खाचे हवेतच. ३० बाय ४० च्या सरळ घराचा घेर १४० फूट. भिंतींत मध्येच पाच-पाच फूट खोल दोन खाचे घातले की झाला १६०. दहा फुटी दोन मजल्यांना ४०० चौरस फूट बाहेरची भिंत जादा, तिचा आतबाहेर गिलावा, आणि दर रंगकामाला तेवढ्या भिंतीचा परांचीसकट खर्च पुन्हा. खोल्या लहान झाल्या ते वेगळंच.

अकल्पित खर्चाला रुपया ठेवू नका.

प्लॉट कोल्हापुरात पुराचं पाणी येणाऱ्या रमणमळ्यात असेल तर मीटर आणि पंप जमिनीलगतच बसवा. २०१९चा पूर झाला, २०२१चा झाला, आता कशाला येतीय पंचगंगा!

आणि वास्तुशांतीनंतर घराला खर्च नसतोच. म्हणून गच्चीचा उतार, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेची गोलाई, पाइपाच्या तोंडाचं वॉटरप्रूफिंग यातच काटकसर करा. ओल सळईपर्यंत जाईल, सळई गंजून फुगेल, स्लॅबचं कव्हर (सळईखालचा काँक्रीटचा थर) पोपडे होऊन ताटात पडेल, तेव्हा इंजिनिअरला शिव्या घालायला तुम्ही मोकळे.

अहो, आकडा द्यायला ना नाही आमची! पण कागदावर धड रेघ नसताना मिळतो तो 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा. नकाशा पक्का झाला, खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, फरशी वेगवेगळी मोजली, की दोन टोकं जवळ येतात. तुम्ही मात्र खालचं टोक तेवढं पाठ करता. तेच बँकेत सांगता, तेच पै-पावण्यांत, आणि वर्षभरानं आम्हाला खोटं पाडता. ग्रॅनाइटच्या रंगासाठी चार दुकानं फिरायला वेळ असतो. स्वतःच्या जमिनीत काय आहे ते बघायला अर्धा दिवस नसतो? कोपऱ्यात दोन खड्डे मारा. मग करा फोन.