घरबांधणीच्या ठेक्यात ‘फुटामागे पाचशे’ सुटत नाहीत

घरे बांधण्याच्या ठेकेदारीबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मालासकट ठेका घ्या, चौरस फुटामागे पाचशे रुपये सुटतात. भांडवल लागत नाही, घरमालकाच्या ॲडव्हान्सवर काम उभे राहते. सिमेंटवरचा जीएसटी उतरल्याने नफा आणखी वाढला. राज्यात वीस लाख घरकुले मंजूर आहेत, गृहकर्जही स्वस्त झाले, तेव्हा पुढची पाच वर्षे कामाला तोटा नाही.

काम आहे, हे खरे. पण बाकीच्या हिशेबावर विसंबून नोकरी सोडणारी आणि कर्ज काढून सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतण्याच्या साच्याच्या) प्लेटा घेणारी मुले दिसतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘फुटामागे पाचशे सुटतात.’ तळमजल्याच्या हजार फुटी आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० ते ४५० पोती सिमेंट, साडेतीन ते चार टन सळई, १८ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू आणि १३-१४ ब्रास खडी लागते. मालासकट दर गावोगाव वेगळा असतो. हिशेबापुरता फुटाला १,९०० रुपये धरू. त्यातले पाचशे सुटणे म्हणजे २६ टक्के. काटेकोर काम करणाऱ्याच्या हाती आठ-दहा टक्के, म्हणजे फुटामागे दीडशे ते एकशे नव्वद उरले, तर ते काम चांगले गेले म्हणायचे. तेही कसे झिरपून जातात ते पाहा.

स्लॅब पाच इंची ठरला आहे. टेकू ओल्या भरावावर उभे केले, बुडाखाली फळी दिली नाही, आणि ओतताना प्लेटा सरासरी अर्धा इंच खाली बसल्या. वरची पातळी तर राखावीच लागते. हजार फुटांवर हा अर्धा इंच म्हणजे जवळपास ४२ घनफूट जादा काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडीच्या १:१.५:३ मिश्रणाला साडेनऊ पोती सिमेंट आणि ब्रासच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक खडी त्यात जाते. पुढे भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या नाहीत म्हणून आतला गिलावा १२ मिलिमीटरऐवजी २४ चा झाला. अडीच हजार फूट गिलाव्याला, सिमेंट-वाळूच्या १:४ मालात, आणखी २१ पोती. तीस पोती सिमेंट केवळ पातळी आणि ओळंब्यापायी गेले. दर फुटावर ठरला असल्याने घरमालक यातला एक रुपयाही देणार नाही.

सळईचा भाव किलोला सहा रुपयांनी चढला की चार टनांवर २४,००० रुपये उडतात. म्हणून करारात सिमेंट आणि सळईचा मूळ दर लिहायचा आणि पाच टक्क्यांपलीकडचा फरक, वर असो वा खाली, घरमालकाच्या खाती धरायचा.

सगळ्यात मोठे भोक मात्र जमिनीखाली असते. काळ्या मातीत चार फुटांवर मुरूम लागेल असे धरून दर दिला आणि तो सात फुटांवर लागला, तर पाच बाय पाचच्या बारा खड्ड्यांची मिळून नऊ ब्रास जादा खोदाई होते. शिवाय प्रत्येक कॉलम तीन फुटांनी वाढतो आणि परतभराव वेगळा. मराठवाड्यात, विदर्भात एवढ्या एका चुकीने घराची सगळी मिळकत जाते. यावर उपाय सोपा आहे आणि तरीही फार थोडे लोक तो करतात: जोत्यापर्यंतचे काम मोजमापावर घ्यावे आणि जोत्यावरचे फुटावर. सेप्टिक टँक, पाण्याचा हौद, कंपाउंड आणि बाल्कनी दरात आहेत की नाहीत, तेही करारात स्पष्ट लिहावे.

‘भांडवल लागत नाही.’ ॲडव्हान्स पायातच संपतो. सळई, सेंट्रिंग, मुकादमाला दिलेली उचल, हे सगळे स्लॅबच्या आधीचे खर्च, आणि बहुतेक करारांत हप्ता असतो ‘स्लॅब झाल्यावर’. त्यात सेंट्रिंग अडकून पडते. हजार फुटांना तीन बाय दोनच्या सुमारे १६५ प्लेटा लागतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर चौदा. तुळईखाली सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि पुढे एकवीस. हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत. राखमिश्रित पीपीसी सिमेंट वापरले तर जास्त थांबायला हवे. भाडे वाचवण्यासाठी टेकू लवकर काढणे हा स्लॅब वाकण्याचा सरळ रस्ता आहे.

अशा वेळी दुसऱ्या घराचा ॲडव्हान्स पहिल्या घरात घातला जातो. ठेकेदार बुडतो तो बहुधा इथूनच, आणि दोन कुटुंबांची घरे अर्धवट राहतात. हप्ते कामाच्या पुढे असावेत: सळई बांधण्याआधी स्लॅबचा, विटा उतरण्याआधी बांधकामाचा. शेवटी पाच टक्क्यांहून जास्त रक्कम थकीत ठेवू नये.

‘जीएसटी उतरल्याने नफा वाढला.’ २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, हे बरोबर. पण करासकट ३५० रुपयांचे पोते त्यामुळे सुमारे २७ रुपयांनीच उतरते, तेही कंपनीने आणि दुकानदाराने पूर्ण सूट दिली तर. ४२० पोत्यांवर साडेअकरा हजार, म्हणजे फुटामागे साडेअकरा रुपये.

जीएसटीत नोंदणीकृत ठेकेदाराला तर तेवढेही नाहीत. मालासकट घरबांधणी ही वर्क्स कॉन्ट्रॅक्ट सेवा, तिच्यावर १८ टक्के कर. सिमेंटवर भरलेला कर त्याला स्वतःच्या भरायच्या करातून आधीही वजा मिळत होता. कर कमी झाला तशी वजावटही कमी झाली; कमी पैसे अडकून पडतात, एवढाच फायदा. नोंदणीची मर्यादा सेवांना २० लाखांची आहे. १,९०० च्या दराने ११०० फुटांचे एकच घर २०.९ लाखांचे होते, म्हणजे वर्षातल्या पहिल्याच घराला ती ओलांडली जाते. नोंदणी झाली की एवढ्याच घरावर घरमालकाच्या डोक्यावर पावणेचार लाखांचा कर येतो आणि तो म्हणतो, ‘बिल नको.’ नोंदणी टाळून कच्च्या पावत्यांवर काम केले, तर उद्या वसुली, व्याज आणि दंड ठेकेदाराच्याच नावावर निघतो.

एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला करातून सूट आहे. माल घरमालकाने स्वतः घ्यायचा, सिमेंटची स्वस्ताई त्यालाच मिळते. तळाला दुकानाचा गाळा काढला तर ही सूट गृहीत धरता येत नाही. नव्या माणसाने सुरुवात मजुरीच्याच ठेक्याने करावी, हे आमचे ठाम मत आहे.

‘वीस लाख घरकुले.’ प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगरी, दुर्गम भागात १.३० लाख रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ फुटांचे. फुटाला साडेचारशे रुपये झाले. राज्याची जादा मदत धरूनही यात ठेकेदाराचा नफा बसत नाही, आणि योजनेत तो अपेक्षितही नाही: घर लाभार्थ्याने बांधायचे, शासनाने ठेकेदार नेमायचा नाही, हप्ते थेट लाभार्थ्याच्या खात्यात. गावच्या गवंड्याला यातून मजुरी मिळते, तेवढेच.

‘गृहकर्ज स्वस्त झाले.’ २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे देते) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तरी स्वतःच्या जागेवर बांधायला बँक मालकीचा स्वच्छ कागद, मंजूर नकाशा आणि इंजिनिअरचे अंदाजपत्रक मागते. गावठाणातल्या, नुसत्या नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या) उताऱ्यावरच्या जागेला मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. कर्ज मिळालेच, तर आधी घरमालकाचा स्वतःचा हिस्सा खर्च व्हावा लागतो आणि पुढचे पैसे पाहणीनंतर टप्प्याटप्प्याने सुटतात. म्हणून खोदाईला हात लावण्याआधी मंजुरीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि करारातले हप्ते बँकेच्या टप्प्यांशी जुळवावेत. बँक लिंटेलला (दारे-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीच्या टप्प्याला) पैसे सोडत नसेल तर लिंटेलचा हप्ता कागदावरच राहतो, आणि तोवर गवंड्यांचे दोन आठवड्यांचे पगार ठेकेदाराच्या खिशातून गेलेले असतात.