दगडांवर एवढं का लिहिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून लिहिलंय, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचे आक्षेप तीन. बाजीप्रभूंना एक परिच्छेद आणि जांभ्या दगडाला पाच, हा त्या वाटेचा अपमान आहे. दुसरं, ही वाट आषाढातच चालायची असते आणि मी मात्र आश्विनात जा म्हणतो. आणि तिसरं, गर्दीबद्दल लिहून मी दर आषाढात या वाटेवरून निघणाऱ्या मोहिमेला येणाऱ्या शिवभक्तांना नावं ठेवली.

पहिला आक्षेप मला सगळ्यात लागला, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, त्याच्या मदतीला तोफा घेऊन आलेले राजापूरचे इंग्रज, 12 जुलै 1660ची पौर्णिमेची रात्र, दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशिद, बांदलांचे मावळे आणि घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड. हे आपल्या कोल्हापुरात पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. मी तेच पुन्हा सांगितलं असतं तर वाचणाऱ्याच्या पदरात नवीन काय पडलं असतं? शिवाजी महाराजांना वेढ्यातून काढून नेणारी ही माणसं त्या रात्री कशावरून धावली, हे मात्र फार कमी जण सांगतात. त्यांच्या पायाखाली काय होतं ते कळल्याशिवाय त्यांनी काय केलं हे पुरतं कळत नाही, असं मला वाटतं. म्हणून दगड.

म्हाळुंग्याहून वर चढलं की मसाई पठार लागतं. हा सगळा सडा, म्हणजे उघडा सपाट खडक, जांभ्याचा. खाली सह्याद्रीचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा; त्याचा वरचा थर ऊन-पावसाने कुजत, झिजत गेला, बाकीचं वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून घट्ट झालं, तो जांभा. हात लावून बघा, आंबोळीसारखी जाळी असते त्याला. भर पावसातही त्याचा चिखल होत नाही. खरबरीत असल्यामुळे पाय धरून राहतो, पण जिथे पाणी साचून शेवाळ धरलंय तिथे क्षणात घसरतो. पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांना वेग धरता येईल अशी सलग सपाटी या वाटेवर इथेच आहे. खोऱ्यातला रुळलेला रस्ता सोडून ही उंचावरची वाट का धरली असेल, याचं अर्धं उत्तर मला या सड्यावर चालताना मिळालं.

पुढे कुंभारवाडीकडे उतरलात की सगळं पालटतं. तांबडी माती, भाताची खाचरं, पोटरीपर्यंत चिखलाच्या पांदणी, आणि ओढ्यामागून ओढा. हे ओढेही त्या जांभ्याचीच देणगी. सड्यावर पडलेलं पाणी जाळीतून खाली मुरतं, तळाच्या चिकण थराला अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी या वाड्या अशा डोंगरउतारांच्या आधाराने वसलेल्या दिसतात, त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. आज आपण दिवसाउजेडी, जाड तळव्याचे बूट घालून, मुक्काम करत हे अंतर तोडतो, तरी खिंडीअलीकडच्या पांढरेपाणी गावाला पोचेस्तोवर गुडघे बोलायला लागतात. ती माणसं पालखी घेऊन एका रात्रीत, पाठलाग अंगावर असताना इथवर आली. आणि मग लढायला उभी राहिली. बाजीप्रभूंचं मोठेपण मला तिथे, त्या चिखलात जेवढं समजलं, तेवढं कुठल्या भाषणात समजलं नव्हतं.

खिंडीचंही तसंच. कासारी नदीच्या उगमाकडचा हा मुलूख, इथल्या ओढ्याने काळ्या पाषाणातली चीर खोल करत नेली म्हणून ती अरुंद जागा तयार झाली. शेकडो माणसांनी पाठलागावर आलेल्या सिद्दी मसूदच्या फौजेला अडवून धरायचं, तर दगडाची साथ लागते. बाजीप्रभूंनी नेमकी ती जागा हेरली. दगडाबद्दल लिहिल्याने त्यांचा पराक्रम झाकला जात नाही, उलट त्यांची नजर किती पक्की होती ते दिसतं.

आषाढाचं तुमचं म्हणणं मला पटतं. त्या तिथीला त्या वाटेवर असण्याचं मोल वेगळंच, मीही जातो. पण आषाढात पठारावर धुकं असलं की पुढच्या माणसाची पाठ सोडून काही दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर एकदा तरी जा, एवढंच माझं सांगणं. मागे पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर, पुढे पश्चिमेला एकामागे एक सोंडा. किती पल्ला बाकी होता, हे तेव्हा डोळ्यांना कळतं.

आता गर्दी. मी शिवभक्तांना नावं ठेवली नाहीत आणि ठेवणारही नाही. मी लिहिलं ते वाट सोडून सड्यावर पसरणाऱ्या पायांबद्दल. त्या दगडावर माती जेमतेम बोटभर. त्या ओल्या मातीत सीतेची आसवं उगवतात, निळी-जांभळी, नखाएवढी फुलं. मातीत कस नाही म्हणून या झाडाने मुळाशी बारीक फुगे धरलेत. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला आत ओढून घेतो, त्यावर ते जगतं. आषाढात ही रोपं नुकती रुजत असतात. हजारो बूट तिथून गेले की भाद्रपदात त्या पट्ट्यात नुसता दगड उरतो. मसाई पठाराला 2022मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो उगाच नाही. ज्या सड्याने महाराजांची पालखी पेलली, तो जपणं हीसुद्धा भक्तीच आहे असं मी मानतो, आणि हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला पटेल असं वाटत नाही.

तुमचा गट दर आषाढात निघतो असं तुम्ही लिहिलंय. मग पठारावर मळलेल्या वाटेनेच, एकामागे एक चालायचं असं निघण्याआधीच पोरांना सांगून ठेवाल का? मुक्कामाला वाडीतली माणसं आपल्याला पडवी मोकळी करून देतात, त्यांच्या अंगणात प्लॅस्टिक मागे राहू नये, हेही सांगा. आणि आश्विनात एकदा यायचं ठरवलंत तर इथेच कळवा. मी बरोबर येतो, पांढरेपाण्यापर्यंत निवांत बोलत जाऊ.