चिक्कीच्या डब्याचं गणित

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एकच रील तिघांनी टाकली आणि तिघांनीही मला टॅग केलं. कारण भोसरीत दोन कंपन्यांमध्ये माझी स्नॅक्सची व्हेंडिंग मशीन आहेत. रीलमधला गृहस्थ म्हणतो, मशीनमध्ये लाख-दोन लाख अडकवणारे येडे. अमेरिकेत लोक पुठ्ठ्याच्या डब्यात चॉकलेटं भरतात, वर एखाद्या धर्मादाय संस्थेचं स्टिकर लावतात आणि डबा ऑफिसात ठेवून येतात; ज्याला हवं त्यानं चॉकलेट घ्यायचं आणि पैसे डब्याच्या चिरेत टाकायचे. संस्थेचं नाव बघून कोणी चोरत नाही, पैसे आपोआप जमतात, वर पुण्य मिळतं. शेवटी लिंक: 'वीस डब्यांचं स्टार्टर किट'.

मी डबेही चालवून बसलोय, म्हणून हे उत्तर.

'डब्याला खर्चच नाही.' पुठ्ठ्याला नाही, कबूल. पण मशीनमध्ये पैसे आल्याशिवाय पाकीट न सोडणारी स्प्रिंग आणि कुलूप जे काम करतात ते डब्यात कोणी करत नाही, आणि त्याचे पैसे थेट नफ्यातून जातात. ७ रुपयांना पडलेली चिक्की १० ला विकायची. शंभर चिक्क्यांवर ३०० सुटायला हवेत. त्यातल्या १३ चे पैसे आले नाहीत, तर पेटीत ८७०. मालाचे ७०० वजा केले की उरले १७०. गळती १३ टक्के, पण नफ्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त गेले. ३० चे पैसे बुडाले की तुम्ही फुकट चिक्की वाटप केंद्र.

१३ चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. वॉशिंग्टनच्या आसपास पॉल फेल्डमन नावाचा गृहस्थ १९८४ मध्ये नोकरी सोडून ऑफिसांना बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, पुरवायला लागला. पाव ठेवायचे, शेजारी पैशांची पेटी, राखणीला कोणी नाही. मूळचा आकडेमोड करणारा माणूस, त्यामुळे प्रत्येक ऑफिसची वसुली त्यानं वर्षानुवर्षं लिहून ठेवली. त्याच्या स्वतःच्या जुन्या ऑफिसात, जिथे सगळे त्याला ओळखत होते, वसुली होती ९५ टक्के. अनोळखी कंपन्या वाढत गेल्या तसा आकडा उतरला आणि २००१ च्या उन्हाळ्यात एकूण वसुली साधारण ८७ टक्क्यांवर आली होती. हे सगळे चांगल्या पगाराचे लोक बरं का.

या हिशेबातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला तो पैशांसाठी उघडी टोपली ठेवायचा, तिच्यातले पैसे जायचे. मग झाकणाला चीर पाडलेला कॉफीचा डबा, तोही टिकेना. शेवटी प्लायवूडची पेटी बनवली. अशा सुमारे ७,००० पेट्या वर्षाला ठेवल्या जायच्या आणि त्यातली सरासरी एकच चोरीला जायची. पेटी उचलणं म्हणजे चोरी, हे सगळ्यांना कळतं. पाव खाऊन पैसे न टाकणं म्हणजे 'राहिलंच की'. रीलवाला 'कोणी चोरत नाही' म्हणतो ते पेटीपुरतं खरं आहे. आपलं दिवाळं 'राहिलंच की'मध्ये निघतं.

माझ्या डब्यात दुसऱ्या आठवड्यात सापडलेला ऐवज सांगतो. नाणी, चिरेत घडी घालून खुपसलेला चिक्कीचा कागद, आणि पाच रुपयांच्या नाण्याला चिकटवलेली चिठ्ठी: 'बाकी ५ उद्या'. खाली नाव नाही. क्यूआर कोडही लावला होता. त्यावर एकानं एक रुपया पाठवला, सोबत संदेश: 'टेस्टिंग'. चिक्की मात्र त्यानं टेस्टिंगपुरती घेतली नसणार.

स्टिकरनं फरक पडतो का? पडत असेल थोडा. पण न्यूकॅसल विद्यापीठात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. चहा-कॉफीच्या पैशांच्या पेटीजवळ दरपत्रक होतं. त्यावर एक आठवडा फुलांचं चित्र, पुढच्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत सरासरी पावणेतीन पट पैसे जमले. खोली लहान होती, माणसं मोजकी, त्यामुळे मी त्यावर धंदा उभारणार नाही. पण स्टिकरसाठी संस्थेला दरमहा पैसे भरण्याआधी डोळ्यांचा एक फोटो छापून बघा, स्वस्तात होईल.

'पैसे आपोआप येतात.' फेल्डमन पहाटे पाव पोचवायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी उरलेले पाव नि पैसे गोळा करायला परत फिरायचा. वीस डबे म्हणजे वीस ठिकाणी गेटवर एन्ट्री, सिक्युरिटीची सही, चिल्लर मोजणं. मशीन निदान काय संपलं ते सांगतं. डबा फक्त रिकामा होतो. मशीन म्हणजे सुख असंही नाही: स्प्रिंगमध्ये पाकीट अडकतं, पावसाळ्यात वीज जाते, कर्जाचा हप्ता थांबत नाही.

मग ग्रुपवर कोणीतरी मिझोरामचा फोटो टाकलाच. तिथल्या सेलिंग गावाजवळ हायवेला दुकानदाराशिवायची दुकानं आहेत, भाव लिहिलेला पुठ्ठा आणि पैशांचा डबा. खरी आहेत आणि सुंदर आहेत. पण ते शेतकरी आपल्या शेतातली भाजी-फळं मांडून परत शेतावर जातात. दुकानात बसायला माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून डबा. चार भोपळे बुडाले तरी त्यांना घाऊक व्यापाऱ्याचं बिल भरायचं नसतं. मला असतं.

आता पुण्य. अमेरिकेतल्या या धंद्यात संस्थेला बहुधा डब्यामागे महिन्याला ठरावीक रक्कम जाते, एक-दोन डॉलर. बाकी सगळं डबेवाल्याचं. नाणं टाकणाऱ्याला मात्र वाटतं, आपण आजारी मुलांना मदत केली. यावरच माझा खरा राग आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या कायद्यानं, संस्थेचं नाव वापरून माल विकणाऱ्याला संस्थेला किती जाणार ते सांगावं लागतं. आपल्याकडे गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क ची परवानगी मागतात. रीलमध्ये यातलं अक्षर नाही. 'कोणत्याही एनजीओचा लोगो चालेल,' म्हणे!

आणि ती लिंक. अमेरिकेत अशी धंद्याची संधी विकणाऱ्यानं पैसे घेण्याच्या सात दिवस आधी गिऱ्हाइकाला एक पानी माहितीपत्र द्यायचं असतं आणि कमाईचा दावा केला तर पुरावा हाताशी ठेवायचा असतो. २०१२ पासून फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी ग्राहक-संरक्षण संस्थेचा हा नियम व्हेंडिंगखेरीज इतर बऱ्याच किटांनाही लागू आहे. मी रीलखाली पुरावा मागितला. उत्तरात हात जोडलेला इमोजी आला आणि किटवर दहा टक्के सूट.

माझ्या चार डब्यांपैकी एक अजून चालू आहे. चौदा माणसांचं वर्कशॉप, डबा सुपरवायझरच्या टेबलावर, स्टिकर नाही. 'बाकी ५ उद्या' तिथेही येते, पण खाली नाव असतं.