केरवोखे

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकताना "रेल्वे स्थानक कोठे आहे?" हा प्रश्न मला निर्दोष उच्चारांत विचारता येऊ लागला होता, आणि तेवढ्या भांडवलावर मी श्टुटगार्टला येऊन एका वृद्ध जोडप्याच्या घरी राहू लागलो. ज्या राज्याने १९९९ साली "आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन येत नाही" या अर्थाचे घोषवाक्य स्वतःच्याच जाहिरातीसाठी निवडले, त्या राज्यात आपण प्रमाण जर्मन घेऊन निघालो आहोत, हे मला कोणीही सांगितले नव्हते. पहिल्याच आठवड्यात यजमानीणबाई दिवा बदलण्यासाठी शिडीवर चढल्या आणि मला म्हणाल्या, शिडी 'हेबेन' कर. पुस्तकात या क्रियापदाचा अर्थ 'उचलणे' असा होता. इकडच्या लोकांच्या श्वाबियन बोलीत तो 'धरून ठेवणे' असा आहे. हा फरक मला समजला तेव्हा बाई दुसऱ्या पायरीवर होत्या आणि शिडी जमिनीपासून चार बोटे वर होती. सुदैवाने माझ्या दंडांत जोर बेताचाच असल्यामुळे पुढचा अनर्थ टळला.

त्यामुळे त्यांनी एका शनिवारी 'केरवोखे' हा शब्द उच्चारला, तेव्हा मला केवढा आनंद झाला! 'केर' आपला, अगदी घरचा. 'वोखे' म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! एवढ्या लांब येऊन पहिल्यांदाच एक जर्मन शब्द मला शब्दकोशाशिवाय कळला, आणि नेमका त्याच शब्दाने माझा घात केला.

आमच्या इमारतीत एक लहानशी पाटी आहे. ती ज्याच्या दारावर लटकते, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. मोठी पाळी आली तर तळघर, अंगण आणि पदपथही त्याचाच. आपापली घाण दर आठवड्याला शहराबाहेर न्यावी, असा हुकूम येथील काउंट एबरहार्ड याने १४९२ साली काढला होता, आणि या प्रथेचे मूळ तेथपर्यंत नेले जाते. नगरपालिकेने १९८८ साली ही सक्ती आपल्या नियमांतून काढून टाकली, परंतु लोकांनी नगरपालिकेचे ऐकले नाही. भाडेकरारांत आणि मनांत ती तशीच राहिली. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. दोन बहिणींत टापटिपीची वाटणी किती असमान होऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.) यजमानांचे गुडघे दुखत असल्याने घराच्या वाट्याची केरवोखे माझ्याकडे आली.

जिन्यात केर नव्हताच, ही यातील खरी अडचण. मागच्या आठवड्यात कोणीतरी झाडलेला, पुसलेला जिना मी पुन्हा झाडायचा होता, आणि तोही ऐकू जाईल असा. कारण वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दाराआड उभे राहून कुंच्याचा आवाज मोजतात, असा माझा संशय होता. रविवारी शांतता पाळायची असते, म्हणून काम शनिवारपर्यंत उरकायला हवे. शनिवारी दहा ते चार मी एका दुकानात काम करीत असे. दहाच्या आधी उठून झाडणे हा पर्याय तत्त्वतः उपलब्ध होता, परंतु मी त्याचा कधी गांभीर्याने विचार केला नव्हता.

डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेपाचला मी जिन्यातला दिवा लावला, फोन कठड्यावर टेकवून सांगलीला आईला व्हिडिओ कॉल केला आणि झाडू लागलो. मुलगा स्वतः केर काढतो आहे हे पाहून तिचे डोळे भरून येतील, अशी माझी अपेक्षा होती.

"अरे, दिवेलागणीनंतर केर काढतोस? लक्ष्मी जाते घरातून!"

"आई, इथे पावणेपाच वाजलेत."

"मग अंधार कसा दिसतोय? आणि इथे सव्वानऊ झालेत. कुठूनही बघितलंस तरी रात्रच आहे."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अगदीच नाइलाज असेल तर केर कोपऱ्यात गोळा करून ठेव, बाहेर सकाळी टाक, अशी तिने तोड काढली. मी ती इमानाने पाळली. रविवारी सकाळी बाईंना पायरीच्या कोपऱ्यात नीट रचलेली चिमूटभर धूळ दिसली आणि त्यांनी मला बोलावणे पाठवले. मला शिडीच्या दिवशीही त्या एवढ्या गंभीर वाटल्या नव्हत्या.

मी तुटक्या जर्मनमध्ये सर्व सांगितले: केरसुणी हीच आमच्याकडे लक्ष्मी मानतात, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, आणि अंधार पडल्यावर केर बाहेर टाकला तर त्याच्याबरोबर घरातला पैसा बाहेर जातो. बाई हसतील, असे मला वाटले होते. परंतु श्वाबियन माणूस काटकसरीसाठी देशभर प्रसिद्ध आहे, हे मी विसरलो होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"किती पैसा?" त्यांनी विचारले.

नेमका आकडा शास्त्रात दिलेला नाही, हे मी कबूल केले. त्यांनी बराच वेळ विचार केला. झाडूची पूजा करणारे लोक मुळात समंजस असले पाहिजेत, असे काहीतरी त्या यजमानांना म्हणाल्या. निदान मला तरी तसे ऐकू आले.

पुढच्या वेळी पाटी आमच्या दारावर आली, त्या शनिवारी सकाळी पावणेआठ वाजता माझ्या खोलीचे दार वाजले. बाहेर बाई कुंचा घेऊन उभ्या होत्या. मी डोळे चोळत म्हणालो की अजून उजाडलेले नाही. त्यांनी मान डोलावली, हातातल्या दिनदर्शिकेवर सूर्योदयाची वेळ दाखवली, आणि मला कपडे बदलून पहिल्या पायरीवर थांबायला सांगितले. थंडीत कुडकुडत आम्ही दोघे घड्याळाकडे पाहत उभे राहिलो. आठ वाजून गेले, खिडकीची काच करडी झाली, आणि बाई "आता" म्हणायच्या आत वरच्या मजल्यावरून कुंच्याचा आवाज येऊ लागला. तेथे तर त्या आठवड्यात पाटीही नव्हती.