तारीख एकदा लिहून कोपरा ओढला की काम झाले, हा दावा का टिकत नाही

एप्रिल जवळ आला की नव्या वर्षाची हजेरीपत्रके, हप्त्यांचे तक्ते आणि फवारणीची वेळापत्रके तयार करण्याची घाई सुरू होते, आणि त्याच सुमारास एक्सेलविषयीचा एक संदेश व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरू लागतो. नाशिकमध्ये तो शिक्षकांच्या, गृहनिर्माण सोसायट्यांच्या, पतसंस्थांच्या आणि द्राक्षबागायतदारांच्या गटांतही पोहोचलेला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पहिल्या सेलमध्ये तारीख कोणत्याही पद्धतीने लिहावी आणि सेलच्या उजवीकडचा खालचा कोपरा धरून ओढावा. महिनाअखेरी आणि सुट्ट्या संगणकच सांभाळतो. तारीख वेगळी दिसली तर फॉरमॅट बदलला की पुरते. हाताने तारखा भरताना होतात तशा चुका यात होऊच शकत नाहीत. आणि ही युक्ती सर्व प्रोग्रॅममध्ये सारखीच चालते. लहान कार्यालयांच्या हिशेबाच्या फायली लावून देण्याचे काम मी नाशिकमध्ये करते. या संदेशावर विसंबून केलेले तक्ते वारंवार समोर येत असल्यामुळे त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

संदेशाचा गाभा खोटा नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. एक्सेल तारखेला आतमध्ये एका क्रमांकाच्या रूपात साठवते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला आहे आणि त्या गणतीने १ एप्रिल २०२६ चा क्रमांक ४६११३ येतो. सेलमध्ये अशी खरी तारीख असेल, तर कोपरा ओढल्यावर प्रत्येक ओळीत हा क्रमांक एकाने वाढतो. फेब्रुवारी २८ दिवसांचा की २९ दिवसांचा, एप्रिलनंतर मे कधी लागतो, हे सर्व तो अचूक सांभाळतो. रोजच्या रोज एक ओळ, एवढीच गरज असेल तर हाताने ३६५ तारखा टंकण्यात काही शहाणपण नाही. माझा आक्षेप आहे तो ‘कोणत्याही पद्धतीने लिहा’ आणि ‘चूक होऊच शकत नाही’ या दोन शब्दसमूहांना.

आपल्याकडे कागदोपत्री तारीख लिहिताना बहुधा टिंबे वापरतात: दि. ०१.०४.२०२६. हीच सवय एक्सेलमध्ये आली, आणि संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये तारखेसाठी तिरपी रेघ किंवा आडवी रेघ ठरलेली असली, तर एक्सेल त्या नोंदीला तारीख मानत नाही, साधा मजकूर मानते. मजकुराच्या शेवटी अंक असेल तर ओढताना फक्त तो शेवटचा अंक वाढवायचा, हा ऑटोफिलचा, म्हणजे कोपरा ओढून पुढचे सेल भरण्याच्या सोयीचा, नियम आहे. त्यामुळे पुढच्या ओळींत ०१.०४.२०२७, ०१.०४.२०२८, ०१.०४.२०२९ असे येत जाते, म्हणजे दिवसाऐवजी वर्षच धावू लागते. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

खरी धोक्याची चूक ती, जी डोळ्यांत भरत नाही. नवीन संगणक पुष्कळदा अमेरिकी इंग्रजीच्या सेटिंगवर असतो आणि तिथे आधी महिना, मग दिवस असा क्रम असतो. अशा संगणकावर पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने १ एप्रिल २०२६ या अर्थाने ०१/०४/२०२६ लिहिले, तर एक्सेल त्याचा अर्थ ४ जानेवारी असा घेते आणि सेलमध्ये १/४/२०२६ असे दाखवते. आता त्याने दरमहा एक हप्ता या हेतूने कोपरा ओढला. पुढच्या ओळींत १/५/२०२६, १/६/२०२६, १/७/२०२६ असे येऊ लागते आणि पाहणाऱ्याला वाटते की १ मे, १ जून, १ जुलै असे हप्ते बरोबर लागले. प्रत्यक्षात त्या सेलमध्ये जानेवारीचे लागोपाठचे दिवस बसलेले असतात. नऊ ओळींपर्यंत, म्हणजे १/१२/२०२६ पर्यंत, तक्ता निर्दोष दिसतो. दहाव्या ओळीत १/१३/२०२६ उमटते तेव्हा कुठे शंका येते, आणि तक्ता डिसेंबरपर्यंतचाच असेल तर तीही येत नाही. या तारखांवर व्याज किंवा विलंबशुल्क काढणारे सूत्र लावले की ते तक्रार न करता चुकीचे आकडे देत राहते. अशा वेळी संगणक काहीही बिघडलेला नसतो. त्याला जे सांगितले गेले तेच तो करतो, आणि आपण त्याला काय सांगितले हे पडद्यावर दिसत नाही.

‘वेगळे दिसले तर फॉरमॅट बदला’ हा सल्ला इथेच फसतो. फॉरमॅट हे केवळ दर्शनी रूप आहे. आत मजकूर असेल तर फॉरमॅटच्या यादीत कितीही वेळा ‘डेट’ निवडले तरी तो मजकूरच राहतो, आणि आत ४ जानेवारी असेल तर रूप बदलून १ एप्रिल होत नाही. आधी आत काय आहे ते पाहावे लागते. त्यासाठी ओढण्यापूर्वी पहिल्या सेलला महिन्याचे नाव अक्षरांत दाखवणारे रूप द्यावे: ‘०१ एप्रिल २०२६’ असे आले तर ठीक, ‘०४ जानेवारी’ आले तर सेटिंग चुकले आहे, आणि काहीच बदलले नाही तर तो मजकूर आहे. सेलची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर तारीख उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो, हीदेखील एक खूण आहे. आधीच मजकूर म्हणून भरला गेलेला संपूर्ण रकाना दुरुस्त करायचा असेल, तर ‘डेटा’ मेनूतील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरून शेवटच्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडावा. सर्व ओळी एकदम खऱ्या तारखा होतात.

वर्षाच्या बाबतीतही ‘कसेही’ चालत नाही. फक्त १५/१२ लिहिले तर संगणक त्या दिवशी चालू असलेले वर्ष धरतो, म्हणून जानेवारी २०२७ मध्ये बसून मागच्या डिसेंबरची नोंद केली तर ती डिसेंबर २०२७ ची होते. दोन अंकी वर्षाचे शतक संगणकाच्या सेटिंगवर ठरते आणि अनेक संगणकांवर ३० हे वर्ष १९३० समजले जाते. दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या तक्त्यात वर्ष चार अंकी लिहिणे म्हणूनच अनिवार्य मानावे.

याच्या उलट बाजूचा त्रास शेतीच्या नोंदी ठेवणाऱ्यांना होतो. गट नंबर १२/३ असा लिहिला की एक्सेल त्याला तारीख समजते आणि कोपरा ओढला की पुढच्या गटांच्या जागी पुढचे दिवस येतात. हा त्रास केवळ आपला नाही. एक्सेल जनुकांची नावे तारखांत बदलत असल्यामुळे मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ यांसारखी नावेच बदलली आणि २०२० मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ते नोंदवले. आपल्याला गटांचे नंबर बदलता येत नाहीत. तो रकाना नोंदी करण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवणे एवढा उपाय पुरेसा आहे.

महिनाअखेरीविषयीचे विधान अर्धवट खरे आहे. तारीख ओढल्यानंतर शेवटी एक छोटे चिन्ह दिसते. त्यात ‘फिल मंथ्स’ निवडले तर एक्सेल दिवस तोच ठेवून महिना पुढे नेते. सुरुवात ३१ मार्चने केली असेल तर ३० एप्रिल, ३१ मे असे बरोबर येते. पण आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते, म्हणून सोसायटीचा चिटणीस पहिली तारीख ३० एप्रिल अशी लिहितो. मग ३० मे, ३० जून, ३० जुलै असे येत जाते आणि वर्षाच्या उरलेल्या अकरा तारखांपैकी सात महिनाअखेरीच्या एक दिवस आधी पडतात. त्यांत शेवटची ३१ मार्चऐवजी ३० मार्च असते, जी हिशेबनीसाला मुळीच परवडणारी नाही. एक्सेलच्या बाजूने पाहिले तर तिचे वागणे सुसंगत आहे, कारण ३० या आकड्यामागे ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हा हेतू आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. तो हेतू सांगण्यासाठी ‘ईओमंथ’ हे फंक्शन आहे. वरचा सेल आणि १ एवढेच त्याला दिले की पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो. ‘ईडेट’ हे फंक्शन मात्र वरच्या ओळीवरून खालची ओळ काढण्यासाठी वापरू नये. ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी आली की त्यापुढे २८ मार्च, २८ एप्रिल असेच येत राहते, गेलेले दिवस परत येत नाहीत. ते नेहमी पहिल्या तारखेवरूनच मोजावे.

सुट्ट्या आपोआप वगळल्या जातात, हे विधान सरळ चुकीचे आहे. ‘फिल वीकडेज’ हा पर्याय फक्त शनिवार आणि रविवार गाळतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यांना तो निदान आठवड्यापुरता लागू पडतो. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, बाकीचे शनिवार कामाचे असतात. हा नमुना त्या पर्यायात बसत नाही. सातपूर किंवा अंबडच्या ज्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल त्याला तर तो निरुपयोगीच आहे. यासाठी ‘वर्कडे डॉट इंटल’ हे फंक्शन वापरावे. त्यात साप्ताहिक सुट्टीचा क्रमांक देता येतो (११ म्हणजे केवळ रविवार, १७ म्हणजे केवळ शनिवार) आणि सुट्ट्यांची स्वतंत्र यादीही जोडता येते. बँकेसाठी ११ हा क्रमांक द्यावा आणि दुसरे-चौथे शनिवार त्या यादीत घालावेत. यादी वेगळ्या पानावर ठेवण्याचा मोठा फायदा असा की, चंद्रदर्शनामुळे ईदची सुट्टी एक दिवस सरकली तर एकच सेल बदलून संपूर्ण तक्ता जागेवर येतो.

तिथीवर चालणाऱ्या गोष्टींना तर ओढण्याचा हा मार्ग मुळातच लागू होत नाही. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि तिथीची लांबी कमी-जास्त होते, म्हणून दर १५ दिवसांनी एकादशी असा तक्ता ओढला तर तो दोन-तीन महिन्यांत पंचांगापासून दूर जातो. सिंहस्थाचेच उदाहरण घ्यावे. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि दुसरे ३१ ऑगस्टला आहे. या दोन तारखा निवडून ओढले तर एक्सेल २९ दिवसांचे अंतर धरून २९ सप्टेंबर देईल, तर तिसरे अमृतस्नान नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला आहे. अशा तारखा पंचांगातून किंवा अधिकृत घोषणेतून घेऊन हातानेच भराव्यात.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, ज्याचा त्या संदेशात उल्लेखच नाही. ओढून भरलेल्या तारखा एकमेकींशी बांधलेल्या नसतात. पहिली बदलली तरी बाकीच्या होत्या तिथेच राहतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर प्रत्येक काम छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजले जाते, मग ती फवारणी असो, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) असो की विरळणी. ५ ऑक्टोबरला छाटणी धरून वेळापत्रक ओढून ठेवले आणि पावसामुळे छाटणी ९ तारखेला झाली, तर पंचेचाळिसाव्या दिवसाचे काम कागदावर १९ नोव्हेंबरलाच राहते, जे खरे तर २३ तारखेला हवे. निर्यातीच्या मालात शेवटची फवारणी आणि काढणी यांमधले प्रतीक्षा दिवस पाळावेच लागतात, तिथे चार दिवसांचा फरक किती महागात पडू शकतो हे बागायतदाराला सांगण्याची गरज नाही.

म्हणून वेळापत्रकाची रचनाच वेगळी असावी. छाटणीची तारीख वरच्या एकाच सेलमध्ये असावी, एका रकान्यात दिवसांचे आकडे असावेत, आणि शेजारच्या रकान्यात ‘छाटणीची तारीख अधिक दिवस’ हे सूत्र असावे. त्यात छाटणीच्या सेलचा पत्ता डॉलरच्या चिन्हाने पक्का केलेला असावा, नाही तर ओढताना तो पत्ताही खाली सरकतो. मग प्लॉटची छाटणी लांबली की एक तारीख बदलायची आणि सर्व ओळी सोबत सरकतात. ‘वरचा सेल अधिक १’ हे सूत्रही पुष्कळ जण वापरतात, पण मधली एक ओळ काढून टाकली की तिच्याखालच्या सर्व ओळींत तारखेऐवजी ‘रेफ’ची (#REF!) चूक, म्हणजे सूत्रातला सेल सापडत नसल्याची खूण, उमटते, म्हणून ज्या तक्त्यात ओळी काढल्या-घातल्या जातात तिथे ते टाळावे. उलट, ज्या नोंदी झाल्या त्या दिवसाच्याच राहायला हव्यात, उदाहरणार्थ हजेरी किंवा पावती, तिथे सूत्र नकोच. तिथे ओढून भरलेली किंवा कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबून घातलेली स्थिर तारीखच योग्य. ‘टुडे’ हे फंक्शन तिथे घातले तर जुनी पावतीसुद्धा रोज आजची तारीख दाखवते.

सर्व प्रोग्रॅममध्ये हे सारखेच चालते, हा शेवटचा दावा साध्या रोजच्या तारखांपुरता खरा आहे. त्यापलीकडे फरक पडतात. गूगल शीट्समध्ये कोपरा ओढल्यावर ‘फिल वीकडेज’सारखा पर्याय समोर येत नाही, तिथे ‘वर्कडे’चे सूत्रच लिहावे लागते. एकटा अंक ओढला तर एक्सेल त्याची नक्कल करते, लिबरऑफिस तो वाढवत नेते. वर सांगितलेल्या दिवसांच्या रकान्यात हा फरक लगेच जाणवतो. मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये गणती १९०४ पासून सुरू होत असे, त्यामुळे तशा फायलीतून तारखा उचलून दुसऱ्या फायलीत चिकटवल्या तर त्या १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने, सरकू शकतात. दुसऱ्याकडून आलेल्या फायलीतील तारखा आपल्या तक्त्यात घेतल्या असतील, तर त्यांतील एखादी मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय खालचे काहीही ओढू नये.