आजीची चूल आणि मांडीवरचं पोर

काका, नमस्कार.

पावसाळ्यातली चूल आणि लहान मुलांचा खोकला यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत. आमच्या आयांनी जन्मभर चुलीवर रांधलं, कुणाला काही झालं नाही. धुरानं वाशांना कीड लागत नाही. आणि गॅस दिल्यानं मुलांचा न्यूमोनिया कमी होत नाही हे संशोधनातच दिसलंय, मग चुलीची बदनामी कशाला?

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे आणि मी तो लेखात लिहायला हवा होता. भारत, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडात सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या घरांत हा अभ्यास झाला. आपल्याकडे तो तमिळनाडूत होता. निम्म्या घरांना गॅस फुकट दिला. वर्षाच्या आतल्या बाळांचा तीव्र न्यूमोनिया त्यानं कमी झाल्याचं दिसलं नाही, असा निकाल २०२४ साली आला. पण त्याच अभ्यासात चुलीच्या घरातल्या बाईच्या श्वासात सूक्ष्म कण घनमीटरला साधारण ७० मायक्रोग्रॅम होते, गॅसच्या घरात २४. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे. म्हणजे गॅस येऊनही हवा स्वच्छ झालीच नव्हती. त्याआधी, २०११ साली, ग्वातेमालातल्याच धुरांड्याच्या चुलींचा अभ्यास छापून आला. त्यात एकूण न्यूमोनियात ठाम फरक नव्हता, पण ऑक्सिजन उतरेपर्यंत बळावलेला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी होता. त्यामुळे नुसता सिलिंडर आणून भागेल असं मी म्हणत नाही. पण धूर निर्दोष आहे, हेही मला मान्य नाही.

आता 'कुणाला काही झालं नाही'. काका, माझ्या आजीला नऊ मुलं झाली, वाढली सहा. उरलेल्या तिघांतल्या एकाबद्दल ती एवढंच सांगायची, "आषाढात गेलं, पोट उडत होतं." म्हणजे धाप लागली होती. ते धुरानंच गेलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा ताप, जुलाब, उपासमार, सगळंच होतं. पण आपण मोजतो ती वाढलेली सहा.

तो आषाढ मी पाहिलाय. झड आत येते म्हणून दारं लोटलेली, सरपण दमट, वर नारळाची सोडणं घातलेली. आई फुंकणीनं फुंकतेय आणि पोर तिच्या मांडीवर, तोंड चुलीकडे. वाशांना कीड लागत नाही हे खरंच. आमच्याकडे त्या वाशांवरची काजळी पावसात ओलावून थेंबाथेंबानं टपकायची. आजीच्या लुगड्यावरचा डाग कधी निघाला नाही. तेच पोराच्या छातीत जात होतं.

आणि आज गॅस असलेल्या घरांतही न्हाणीतली चूल पेटतेच, झावळ्या आणि सोडणांवर. सिलिंडर महाग, पाणी तर रोज लागतं. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. फक्त ती चूल घराबाहेर पडवीच्या टोकाला न्यावी, सरपण आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी माळ्यावर चढवावं, आणि फुंकताना बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

गणपतीत नातवंडं येतात म्हणालात. एखादं खोकत असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांवरच्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, वर्षावरच्या पण पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर काढा पाजत सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री रिक्षा बोलवा.