कुणाचीच मायबोली नसलेली भाषा

बोली आणि प्रमाणभाषेवरचा हा लेख आवडला, पण त्यात बोलीला ‘प्रमाणभाषेचं बिघडलेलं रूप’ म्हटलंय ते काही पटलं नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ‘डायग्लोसिया’वर, म्हणजे एकाच समाजात लिहा-वाचायला एक आणि घरी बोलायला दुसरं अशी भाषेची दोन रूपं नांदतात त्यावर लिहिलं, त्यातली खरी गंमतच इथे निसटते. वरच्या पायरीवरची, म्हणजे पुस्तकी भाषा घरात कुणीच बोलत नाही. ती शाळेत शिकावी लागते. अरबी मूल आधी ‘शुफ्त’ म्हणायला शिकतं आणि त्याच ‘मी पाहिलं’साठी ‘रअय्तु’ पुस्तकातून. मग बिघडलेलं काय आणि कशातून?

फर्ग्युसन यांचंच ग्रीक उदाहरण बघा. हॉटेलच्या मेन्यूवर वाइनला ‘इनॉस’ छापलेलं, पण वेटरला सांगायचं ‘क्रासी’. दोन्ही शब्द सगळ्यांना ठाऊक, फक्त कुठला कुठे शोभतो ते अंगवळणी पडलेलं. याच ग्रीसमध्ये १९०१ साली बायबलमधली शुभवर्तमानं बोलीत छापली म्हणून अथेन्समध्ये दंगल उसळली, माणसं मेली. शेवटी १९७६ मध्ये बोलीच सरकारी आणि शाळेची भाषा झाली.

पण दर वेळी असं भांडण होतंच असंही नाही. जर्मनभाषक स्विस लोक प्रमाण जर्मनला सरळ ‘लिहायची जर्मन’ म्हणतात. टीव्हीवर मुख्य बातम्या त्या भाषेत आणि लगेच हवामान बोलीत! त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हैतीत मात्र वाटायचा. बहुतेकांची बोली फ्रेंचपासून घडलेली क्रिओल, कारभार मात्र फ्रेंचमध्ये. क्रिओलला राज्यघटनेत अधिकृत भाषेचा दर्जा मिळायला १९८७ उजाडलं. लेखकाने हा फरक घ्यायला हवा होता.